शेवटचं अर्धं गाणं

परवा लेकीनं तो जुना इंग्रजी अल्बम मोबाइलवर शोधून दिला आणि विचारलं, "आई, हे असलं सॅड, मशीनचं म्युझिक कुणाला आवडतं गं?"

मला आवडतं. कॉलेजात होते तेव्हापासून.

तेव्हा कॅम्पात कॅसेट भरून देणारं एक दुकान होतं. कोरी कॅसेट न्यायची, ते परदेशी रेकॉर्डवरून गाणी उतरवून द्यायचे. मालकाचा मुलगा माझ्याच वयाचा. मी नाचायची गाणी मागितली होती. त्यानं हा अल्बम भरला. "तुम्हाला हा आवडेल," एवढंच म्हणाला. माझी आवड यानं परस्पर ठरवावी, याचा मला रागच आला. घरी येऊन लावला. सिंथेसायझरची संथ टकटक आणि थंडीत एकटाच उभा असल्यासारखा गाणाऱ्याचा आवाज. त्या आठवड्यात मी दुसरं काही ऐकलं नाही.

फक्त शेवटचं गाणं मध्येच तुटत होतं. मी तक्रार घेऊन गेले.

"अहो, शुक्रवार दुपार सोडून कधीही या," तो म्हणाला. "कॅसेट आणा. इथे बसून पूर्ण ऐका, मग भरून देतो."

"काही गरज नाही. अर्ध्या गाण्यावाचून माझं काही अडलेलं नाही."

पुणेरी तोंड, दुसरं काय! त्यानं मान डोलावली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. बसस्टॉपवर पोचेपर्यंतच मी पस्तावले होते, पण परत जायला ताठा आडवा आला. मग लग्न ठरलं, कर्वेनगरला आले. दुकानाच्या जागी चपलांचं शोरूम झालं.

परवा ते गाणं पहिल्यांदा पुढे गेलं. तुटायच्या जागी माझा हात सवयीनं टेपचं बटण दाबायला उठलासुद्धा. पुढे जेमतेम मिनिटभरच गाणं होतं. आणि एकदम आठवलं, गाणं तुटल्यावर बटण दाबलं नाही, तर माझी कॅसेट बराच वेळ कोरीच फिरायची. ते दुकानवाले तर उरलेल्या टेपवर दोन जादा गाणी बसवून द्यायचे, कोरी जागा कधी सोडायचे नाहीत. म्हणजे टेप संपलीच नव्हती. त्यानं ती थांबवली होती, मी परत यावं म्हणून.

इतकी वर्षं मी कॅसेटला नावं ठेवली.

लेक अजून उत्तराची वाट पाहत होती. 'परत या' असं कुणी म्हटलेलं असून जे गेले नाहीत त्यांना आवडतं, असं अगदी ओठांवर आलं होतं. "इस्त्री करताना बरं वाटतं," एवढंच म्हणाले.

ती गेल्यावर शेवटचं गाणं पुन्हा लावलं. त्यानं थांबवलं होतं, तिथेच थांबवलं.