उकिरड्यावरचं लेकरू

आमच्या शहादेवाएवढा शिकलेला माणूस त्या काळात केजच्या बाजूला दुसरा न्हवता. कुनीबी सांगंल. निजामाचं राज, मदरशात उर्दू, घरात मराठी, अन् हा आमचा धाकटा थेट हैदराबादच्या कालेजात जाऊन बसला. शिकत काय होता, तर लहान लेकरं कशी वाढतेत, कशी शिकतेत. लोक हसायचे, "लेकरं वाढायला कालेज कशाला बे? भाकर लागती!"

कालेजाचा कायदा होता, सनद पायजे तर आधी खेड्यात लेकरांत राहून काम करा. शहादेवाच्या वाट्याला युसूफ वडगाव आलं. चावडीच्या ओसरीवर त्यानं पोरं गोळा केली.

त्यातलं एक उकिरडा, बायडाबाईचं. तिची आधीची लेकरं पाळण्यातच गेलती. म्हणून हे जलमल्या जलमल्या उकिरड्यावर लोळवलं, नाक टोचलं, नावबी तेच ठिवलं. टाकून दिल्यालं सटवाई बघत न्हाई, नेत न्हाई म्हणतेत. पोरगं मात्र विजेवानी! पावकी-निमकीचे पाढे ऐकले की पाठ.

बायडाबाई ओसरीखाली उभी राहून म्हणाली, "मास्तर, शिकवा. पन माझ्या लेकराला चांगलं म्हणू नका. काळं म्हणा, येडं म्हणा."

"बाई, शाबासकीनं पोर वाढतंय. आमाला तिथं हेच शिकवतेत."

तिनं त्याच्या नाकाकडं बघितलं. "तुमालाबी टोचलंय की. मायला इचारा, कावून टोचलं."

शहादेवाचा हात नाकपुडीवर गेला. भोक बुजलतं, खूण होती. लहानपनी घरात त्यालाबी असंच दगडू म्हणायचे.

"बरं," म्हणाला. "न्हाई म्हणनार."

अन् पाळलं त्यानं. पोरानं हिशेब सोडवला की म्हणायचा, "येडाच हाईस." पोरगं खुदकन हसायचं.

मग हैदराबादेहून साहेब आले, काम बघायला. आख्खं गाव चावडीपुढं. उकिरड्यानं पावकी अशी म्हणली की पाटलाचा हुक्का हातातच ऱ्हायला. साहेबानं पोराचं नाव इचारलं. शहादेवानं पोराला म्होरं घेतलं. शेरवानीतल्या माणसापुढं आपलं सोनं उकिरडा म्हणून कसं दाखवावं? छाती फुगली त्याची. आमच्या घरान्याची छातीच तशी.

"प्रतापराव," तो म्हणाला. "या गावात असं लेकरू दुसरं न्हाई, हुजूर."

बायांच्या घोळक्यात बायडाबाईनं पदराचा बोळा तोंडात धरला.

पुढच्या आठवडी बाजाराच्या आत गावात पटकीची साथ शिरली. लई जन गेले. उकिरड्यालाबी धरलं. शहादेव उशाशी बसून पानी उकळून पाजत होता, पुस्तकात लिवल्यापरमानं. शेवटी कानाशी म्हणत ऱ्हायला, "येडा हाईस तू. काळा हाईस." पोरगं हसलं न्हाई.

बायडाबाईनं शिवी दिली न्हाई. एवढंच म्हणाली, "चांगलं नाव ठिवलं मास्तर, अन् सटवाईनं वळखलं."

पटकी पान्यातनं येती, हे शहादेवाला तिथं सगळ्यांपेक्षा जास्त कळत होतं. कळून काय उपेग?

सनद मिळाली, तीबी वरच्या नंबरानं. थोरल्या भावानं गावभर गूळ वाटला. शहादेवानं आपला खडा हातात घेतला अन् तसाच खाली ठिवला.

काही वर्सांनी त्याला लेक झाला. गोरापान, बघत ऱ्हावा असा. शहादेवानं स्वतःच्या हातानं तो नेऊन गोठ्यामागच्या उकिरड्यावर ठिवला. रीत अशी, की परक्या बाईनं लेकरू उचलायचं अन् पसाभर जवारीला आईला परत इकायचं. त्यानं गाडी जुंपून युसूफ वडगावला धाडली, बायडाबाईला आनायला.

रामकिसन चुलता तर पेटलाच. "आरं, जिचं एक जगलं न्हाई तिच्या हातात लेकरू देतो? कालेजात डोस्कं इकून आला काय बे?"

"तिच्याच हातात, काका."

बायडाबाई गाडीतनं उतरली. लई वाळलती. लेकराकडं बघत उभी ऱ्हायली. मग वाकून उचललं, पदरानं त्याच्या गालाचं शेन पुसलं.

"काळं हाय," म्हणाली. "लई काळं. कुनाच्या कामाचं न्हाई."

सनदवाला शहादेव गोठ्याच्या दारात बसून लेकरावानी रडला.

शहादेवाची बायको पसाभर जवारी घेऊन म्होरं आली. पन बायडाबाई लेकरू देईना. छातीशी धरून उकिरड्यापाशीच उभी ऱ्हायली, अन् ते परत मागायला कुनाची जीभ उचलली न्हाई.