लो मीओ, लो तुयो आणि आमची कीर्ती

किस्से काय, गोळा करावे लागत न्हाईत. दाराशी खाट टाकून बसलं की आपोआप साचतात! आमच्या चिखलीच्या घरात नात कीर्ती संध्याकाळी स्पॅनिश शिकवते. चाकणच्या कंपन्यांतली पोरं शिफ्ट सुटली की हॉलमध्ये हजर. त्यात सध्या घरात वेगळाच घोर. रविवारी कीर्तीला बघायला पाहुणे येणार, अन् पोरगी धड हो म्हणेना, धड न्हाई.

*

परवा तिनं "लो मीओ" काढलं. वस्तूचं नाव न घेता म्हणायचं, "माझं ते". "लो तुयो" म्हणजे तुझं ते. रहाटणीचा कदम अडून बसला. "मॅडम, माझं म्हणजे काय? गाडी? घर?"

मी खाटेवरनं ओरडलो, "अरे, बायको म्हणते ना, 'तुमचं आपलं कायतरीच!' तिथं काय गाडी असते व्हय?"

कदमाचं लग्न झालेलं. लगेच कळलं!

*

मग वडापाव आले. बापू वेल्डरनं एक उचलला, "लो मीओ!" शेजाऱ्याचा उचलला, "लो तुयो!" अन् दोन्ही खाल्ले.

कीर्ती म्हणाली, "बापू, 'लो' डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टीला. समोरच्या वड्याला चालत नाही."

"मॅडम, समोर आहे कुठं आता?"

*

दापोडीचा नितीन मोजकं बोलणारा. त्याला कंपनीतला स्पेनचा साहेब म्हणाला, मशीन दुरुस्ती हे "लो तुयो", म्हणजे तुझा हातखंडा. क्लासात हे सांगताना गडी कानापर्यंत लाल.

कीर्ती त्याहून लाल! मला चष्मा हाय, पण एवढं दिसतं.

*

अन् शुक्रवारी तर कहरच! कीर्तीनं "लो नुएस्त्रो" शिकवलं. आपलं ते. दोघांत असतं ते. "करा वाक्य," म्हणाली.

नितीन उठला. घाम पुसला. तिच्याकडं बघत म्हणाला, "इ लो नुएस्त्रो?"

म्हणजे, आणि आपलं काय?

बापूसुद्धा चघळायचा थांबला. कीर्ती फळ्याकडं तोंड करून उभी.

"कीर्ते, उत्तर देतीस का मी देऊ?"

"आबा! तुम्हाला कळलं?"

"चौथी नापास हाय, बहिरा न्हाई! पायजे का तुला हा?"

तिनं मान डोलावली. डोळे भरलेले.

मी तिथंच पाहुण्यांना फोन लावला. येऊ नका म्हणालो, अन् ठेवला. नितीन अजून उभाच.

"आता बघतोस काय, राव? रविवारी आईबापाला घेऊन ये. पाच किलो पोहे आणून ठेवलेत मी!"