संदर्भ क्रमांक चौदा

तमाम विद्वज्जनांना, संपादकांना आणि टिपा तपासणाऱ्यांना अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, संदर्भ क्रमांक चौदा हा माझा बाप होता. होता म्हणजे, एका सकाळी दहा वाजेपर्यंत होता. दहा वाजून पाच मिनिटांनी त्या जागी गावचा पाटील आला.

तुम्ही खुशाल हसा. मी त्या दिवशी हसलो नव्हतो.

सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. कर्जतला सरांचं घर. सर इतिहासाचे प्राध्यापक, कॉलेजच्या कमिटीवर, गावात वजन. मी खालापूरकडच्या एका बौद्धवाडीतला, बी.ए. झालेला, टायपिंगची परीक्षा पास. सरांचा लेख पुण्याच्या एका त्रैमासिकात जायचा होता. विषय जुन्या गावांच्या शिवा, म्हणजे हद्दी, त्यांचे दगड, त्यांचे वाद. मी तो टाइप करायचा आणि संदर्भसूची लावायची. ओट्यावर बसून. उंबऱ्याच्या आत नाही. झालेले कागद पायरीवर ठेवायचे. मग वहिनी येणार, तुळशीच्या पानाने त्यांवर पाणी शिंपडणार, आणि मगच कागद आत. थोड्या वेळाने आतून सरांचा आवाज:

"स्वल्पविराम फुटलाय! टायपिंग कसलं करतोस?"

स्वल्पविराम माझा. पाणी त्यांचं.

संदर्भ म्हणजे सरांचा जीव की प्राण. आधी आडनाव, मग नाव, मग वय, मग गाव. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापून चिठ्ठ्या केलेल्या. एका चिठ्ठीवर एक संदर्भ. पलटली की मागे कुणाचा तरी 'शुभविवाह'.

आमच्या गावची शीव सरांना दाखवली ती आबांनी, म्हणजे माझ्या बापाने. तीन दिवस, भर उन्हात. आबा पुढे अनवाणी, मागे सर छत्री घेऊन, त्यांच्या मागे मी वही घेऊन. पूर्वी दोन गावांत शिवेचा तंटा झाला की आमच्या माणसाला बोलावत. शिवेवर आमचा शब्द चाले. विहिरीवर आमचा पोहरा चालत नसे.

आबा दगडामागून दगड सांगत गेले. मी शब्दन् शब्द उतरवला.

त्रैमासिकाचा नियम होता: माहिती तोंडी असेल तर माहितगाराचं नाव, वय, गाव आणि चिठ्ठीवर सही. आबा सही शिकले ते धर्म घेतल्यावर, वाडीतल्या प्रौढवर्गात. श्वास रोखून त्यांनी चिठ्ठीवर सही केली. 'गायकवाड, धोंडू राघो'. मग मला विचारलं, "माजं नाव छापतील ना रं?"

"छापतील आबा. नियमच हाय त्यांचा."

आणि ती सकाळ. सर आत झोपाळ्यावर बसून चिठ्ठ्या तपासत होते. कडीचा आवाज थांबला. सरांचा झोपाळा थांबला की घरातली माणसं बोलायची थांबत. त्यांनी लाल पेन्सिल उचलली आणि आबांच्या सहीवरून आडवी ओढली.

"चौदा बदल. तिथे पाटलांचं नाव घाल."

"सर, पण सांगितलं ते आबांनी."

"संपादक मंडळावर कोण बसलंय, ठाऊक आहे? माहितगार विश्वासार्ह लागतो." पुढचं ते अगदी हळू बोलले. सर रागावले की आवाज खाली जायचा. "कॉलेजच्या लायब्ररीतल्या जागेची मुलाखत पुढच्या आठवड्यात आहे ना तुझी? पत्र मीच देतोय." झोपाळा पुन्हा हलला. "वडील गावातच राहतात ना अजून? पाटलांच्या गावात?"

बस. एवढंच. धमकी म्हणाल तर एक शब्द नव्हता.

मी टाइप केलं. याच बोटांनी. खोटं का बोलू? 'पाटील' हा शब्द टाइप करायला तीन पळं लागत नाहीत. मला जन्मभर पुरला.

संध्याकाळी एस.टी.ने घरी आलो. आबा दारात बसलेले, मांडीवर पाटी. पाटीभर एकच सही, एकाखाली एक.

"अजून लागली तर? सराव करून ठेवला," आबा म्हणाले. "कदी येनार रं छापून? समद्या वाडीला सांगितलंय मी."

मी म्हटलं, "येईल." आणि त्यांच्याकडे न बघता घरात गेलो. सरांच्या ओट्यावर मला इतकं मेल्यासारखं कधी झालं नव्हतं. तिथे दुसऱ्याने मला खाली बसवलं होतं. इथे मीच बापाला पुसून आलो होतो.

दुसऱ्या दिवशी पाटील सही द्यायला कर्जतला आले. कडक इस्त्रीची टोपी, पायात करकरणारी वहाण. सरांनी त्यांना झोपाळ्यावर शेजारी बसवलं, चहा आला, चिठ्ठी आली, पेन आलं. पाटलांनी पेनाचं टोपण काढलं.

मी जबानीची पानं घेऊन ओट्यावर उभा राहिलो.

"सर, सहीच्या आधी वाचून दाखवायला पाहिजे. कचेरीत जबानी दाखवतात तशी."

"गरज नाही," सर म्हणाले.

पण पाटील खुलले. "दाखव की रं! पुन्यात छापून येनार, आन् आमालाच ठाव नाय आमी काय बोललो ते!"

सर हसले. त्यांना कसलीच धास्ती नव्हती. 'बोली जशीच्या तशी ठेव, संपादकांना आवडते', एवढं सांगून जबानीचं परिशिष्ट त्यांनी माझ्यावर सोडलेलं. त्यांनी त्याचा मथळा तपासला होता, तळटीप तपासली होती. मधलं एक अक्षर वाचलं नव्हतं.

मी घसा साफ केला. अहो, काय वाचलं मी! तमाशातल्या सरदारासारखा आवाज लावला.

"पयला दगड डोंगराच्या पायथ्याला, चुना लावल्याला."

"बराबर," पाटील.

"दुसरा वढ्याच्या पोटात. पानी वसरलं का दिसतो."

"बराबर हाय!" पाटलांनी मांडीवर थाप मारली.

"तिसरा दगड ढोरफोडीच्या माळाव. मेल्यालं ढोर आमी पाटलाच्या गोठ्यातनं वडत हितपातुर आनायचो. बैल आसला तर चौघं लागायचो."

थाप मारायला उचललेला हात हवेतच राहिला. झोपाळा थांबला.

"पुरे," सर म्हणाले. अगदी हळू.

मला कळत होतं, हा एक शब्द मोडला की काय काय मोडेल. ती नोकरी मला मिळाली नाही, हे आताच सांगून टाकतो. त्या साली भाताच्या लावणीला आबांना गावात कुणी बोलावलं नाही, तेही सांगतो. हे सगळं मला ओट्यावर उभ्या उभ्या दिसत होतं. आणि तरी ठरलं. नोकरी जाईल, गाव तुटेल, तुटू दे. बापाच्या शब्दाखाली दुसऱ्याचं नाव माझ्या हाताने पुन्हा उमटणार नाही. आज नाही, कधीच नाही, कुणाच्याही ओट्यावर नाही.

मी पान उलटलं.

"माज्या बापानं मला ह्याच दगडाव बशिवला आन् शीव पाठ करून घेतली. हातात मेल्या ढोराच्या मटनाचा वाटा व्हता. धर्म घेतला त्या साली आमी ढोरं वडायची बंद केली. दगड मातूर इसरलो नाय."

मग आयुष्यात पहिल्यांदा त्या घराचा उंबरा ओलांडला. आत जाऊन झोपाळ्यावरची चिठ्ठी उचलली आणि पाटलांच्या मांडीवर ठेवली.

"करा सही, पाटील. खाली तुमचंच नाव घातलंय. तुमीच सांगितलंय सगळं."

वहिनी दारात थिजलेल्या. पाटील ताडकन उठले, पेन भिरकावलं आणि अख्ख्या आळीला ऐकू जाईल असे ओरडले:

"आरं, आमी कशाला वडू मेल्याली ढोरं! ह्याच्या बापानं वडली, ह्याच्या बापानं सांगितलं, त्याचं नाव घाला!"