नवा हात

मंडळी, सकाळपासून एक शब्द डोक्यातून जात नाहीये.

ब्रह्मपुरीजवळच्या एका गावात बायांचे माहितीचे फॉर्म भरायला गेले होते. कौशल्याच्या रकान्यात दोनच पर्याय: कुशल किंवा अकुशल. प्रमाणपत्र कोणाकडेच नाही, म्हणून मी सरसकट 'अकुशल'वर खूण करत सुटले. साठीच्या सकूबाईंच्या नावापुढेही.

त्यांची सही तेवढी राहिली होती, म्हणून शेतावर गेले. त्या धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, रोवणा (रोपांची लावणी) करत होत्या. म्हटलं, चला, आपणही चार रोपं लावून बघू. कृषीची पदवी आहे माझ्याकडे!

थोड्याच वेळात माझी अर्धी रोपं पाण्यावर तरंगायला लागली.

सकूबाई म्हणाल्या, "मॅडम, तुमी सोताच्याच पायाच्या खड्ड्यात रोप खोवून राह्यल्या. तिथी ते धरत नाई. खड्ड्याच्या बाजूले लावा."

शेजारची बाई हसली, "मॅडमले काहीच येत नाई!"

"असं काऊन म्हणतं वं?" सकूबाईंनी तिला तिथंच अडवलं. "नवा हात हाय. दोन बांध्या रोवल्या का बसते."

नवा हात! शिकाऊ, कच्चा, अडाणी असे कितीतरी शब्द आपण वापरतो. पण त्यातल्या किती शब्दांत पुढं शिकायला जागा असते? तुमच्या गावात अशा माणसाला काय म्हणतात? खरंच सांगा.

सही करताना सकूबाईंनी विचारलं, "माह्या नावापुढं काय लिवलं, वाचून दाखवा."

मी फॉर्म पिशवीत टाकला. अजून वाचून दाखवलेला नाही.