उलटं बोलणारे आतोबा

आमच्या आतोबांइतकं उलटं बोलणारा माणूस अख्ख्या ग्वाल्हेरात दुसरा नसेल. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. राहणार खासगी बाजार. कोर्टात टंकलेखक म्हणून नोकरी केली आणि निवृत्त झाले. "जन्मभर लोकांची शपथेवरची वाक्यं टाइप केली रे," ते म्हणतात, "शपथ घेऊन माणसं काय सरळ बोलतात, ते ऐकलंय मी. तेव्हापासून आपण आपलं उलटं बोलतो." पाहुणे चार तास बसून उठले, की आतोबा दारापर्यंत जाऊन म्हणणार, "एवढ्यात निघालात? अजून आमची भिंतसुद्धा नीट ओळखीची झाली नाही तुमच्या!" पाहुणे पोट धरून हसत जिना उतरणार आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा हजर. शाळेच्या व्याकरणात याला उपरोध म्हणतात. पण उपरोधाला बारीकसा डंख असतो, आतोबांच्या बोलण्याने गुदगुल्या होतात. एकदा इंदरगंजच्या चौकात एक रिक्षावाला आमच्या अंगावरच आला. मी ओरडणार, तेवढ्यात आतोबा हात जोडून म्हणाले, "भैया, एक बार और कोशिश कीजिए, हम अभी थोड़े बचे हैं." रिक्षावाला इतका ओशाळला, की आम्हाला घरी सोडूनच गेला. सराफ्यात आत्याने बांगड्या बघण्यात अख्खी दुपार घालवली, तेव्हा आतोबा दुकानदाराला म्हणाले, "और दिखाइए, दिवाली में अभी चार महीने हैं." दुकानदारही जुन्या ओळखीचा. "जी, तब तक चाय मँगाऊँ?" म्हणाला.

या माणसाच्या घरात सून आली ती भिंडची. शिवानी. हिंदी घरातली, सरळ मनाची, मराठी शिकायची प्रचंड हौस. आल्या आल्या तिने साबुदाण्याची खिचडी केली आणि रंग फिका वाटला म्हणून तीत भरपूर हळद घातली. आतोबांनी पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "वा! अशी खिचडी राजवाड्यातसुद्धा शिजली नसेल." शिवानीचा चेहरा फुलला. "आई, बाबांना किती चांगली लागली ना! मी उद्या परत बनवते." दुसऱ्या दिवशी तीच पिवळीधमक खिचडी. "आता आयुष्यात दुसरं काही नको," आतोबा म्हणाले. तिने ते शब्दशः मनावर घेतलं आणि पाचव्या दिवसापर्यंत दुसरं काही दिलं नाही. आत्या पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात हसत होती, पण सांगेना. मुलीचा आनंद बघून आतोबांनाही खरं बोलवेना. पन्नास वर्षांत पहिल्यांदाच त्यांना कोणीतरी असं गाठलं होतं. शेवटी आत्याने सुनेला जवळ बसवून समजावलं, "अगं, ते बोलतील त्याच्या उलट धरायचं. 'फेकून देण्यासारखं नाही' म्हणाले, की समज, फार आवडलं." शिवानी आधी रडली, मग खूप हसली. महिन्याभरात ती इतकी तयार झाली, की आतोबा बोलायच्या आधी त्यांच्या भुवया बघून अर्थ लावू लागली. या होळीला तिने गुजिया, म्हणजे त्यांच्याकडच्या करंज्या, केल्या, तेव्हा "फेकून देण्यासारख्या नाहीत" हे वाक्य ऐकून तिने घरभर उड्या मारल्या.

गेल्या पावसाळ्यात एका सकाळी आतोबा जिन्यातच बसले. घामाने सदरा भिजलेला. तोंडाने मात्र, "काही नाही, अंगात नुसतं चैतन्य सळसळतंय." शिवानीचा नवरा गावाला गेलेला. तिने मला फोन केला, मी गाडी काढली. दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता. त्याने विचारलं, "बाबूजी, सीने में दर्द?"

"बहुत आनंद आ रहा है."

"साँस कैसी चल रही है?"

"वाह! जैसे पचमढ़ी की ठंडी हवा में घूम रहे हों."

डॉक्टर हसला आणि तसंच लिहायला लागला. शिवानीने त्याच्या कागदावर हात ठेवला. "डॉक्टर साहब, ये जो बोलें, उसका उल्टा लिखिए. आनंद मतलब दर्द. पचमढ़ी मतलब साँस नहीं आ रही." हात तिने कागदावरून उचलला नाही. डॉक्टरने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा आतोबांकडे, आणि धावाधाव सुरू झाली. दुपारी तो बाहेर येऊन म्हणाला, "आप लोग ठीक समय पर ले आए." शिवानी तिथल्याच बाकावर बसून हमसून हमसून रडली.

दुसऱ्या दिवशी आम्ही आत गेलो. "कसं वाटतंय?" आत्याने विचारलं.

"बरं आहे," आतोबा म्हणाले.

आमच्या तिघांच्याही तोंडचं पाणी पळालं. शिवानी वाकून म्हणाली, "बाबा, बरं म्हणजे बरं, की वाईट?"

आतोबा इतके हसले, की नर्स रागावली. "या वेळी सरळ धर गं," ते म्हणाले, "आणि दमली असशील, घरी जाऊन झोप."

आता ते पूर्वीसारखे हिंडतात-फिरतात, खिडकीत बसून गल्लीतल्या प्रत्येक स्कूटरवाल्याचं कौतुकही करतात. पण अधूनमधून एखादं वाक्य सरळ येतं, आणि ते ऐकलं की आम्हाला जरा धस्स होतं. परवा मी बऱ्याच दिवसांनी गेलो होतो. 'रोज रोज कशाला येतोस?' असं काहीतरी ऐकायच्या तयारीने परत जायला निघालो, तर आतोबा दारापर्यंत आले, माझा हात धरला आणि म्हणाले, "येत जा रे. बरं वाटतं."

मी "हो" म्हणालो, आणि बुटांच्या नाड्या बांधायला उगाच वेळ लावला.