माल पोचलो

दाजी स्कूटरवर कधी हेल्मेट घालत नसत. होडीत मात्र हेल्मेटशिवाय पाय ठेवत नसत. काळेवाडीच्या पुलावरून कामावर जाणाऱ्यांनी हे दृश्य वर्षानुवर्षं पाहिलं आहे. खाली पवनेच्या काळ्या पाण्यात चार निळ्या पिंपांवर ठोकलेल्या फळ्या, त्यांवर कंपनीच्या बसमधलं एक जुनं सीट, आणि सीटवर लाल हेल्मेट घालून, हातात लांब बांबू धरून ताठ बसलेला एक वाळकुडा म्हातारा. नवखा माणूस म्हणायचा, वेडा दिसतोय. रोजचा माणूस काही म्हणायचा नाही, कारण त्याच्या हातात निर्माल्याची पिशवी असायची आणि तो नेम धरण्यात गुंतलेला असायचा.

पुलावर 'निर्माल्य टाकू नये' अशी पाटी आहे. आपली माणसं पाटीशेजारी उभी राहून नदीला नमस्कार करतात आणि टाकतात. पिशवी हेल्मेटवर आदळली की दाजी मान वर करून, अजिबात न चिडता, खणखणीत आवाजात पोच देत, "माल पोचलो!"

चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत त्यांनी सव्वीस वर्षं डिस्पॅचला काढली होती. पेट्या भरायच्या, ट्रकवर चढवायच्या आणि पलीकडून पोच येईपर्यंत घोर लावून घ्यायचा. त्यामुळे आयुष्यात जे काही हाती पडेल त्याची पोच द्यायची, हा त्यांचा धर्म झाला होता. चहाचा कप हातात आला, माल पोचलो. लग्नाची पत्रिका आली, माल पोचलो. मी पडले मराठीची शिक्षिका. पहिल्याच भेटीत मी त्यांना सुनावलं, की माल पुल्लिंगी, तृतीयपुरुषी, तो पोचला. 'पोचलो' म्हणजे तुम्ही स्वतः पोचलात. दाजी देवगडकडचे. त्यांच्या मालवणीत पाऊस 'इलो', पाव्हणो 'गेलो', तसा माल 'पोचलो'. त्यांनी माझं पूर्ण व्याख्यान ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाईनू, मालाबरोबर वायच मीय पोचतंय, चलात." शुद्ध मराठीत, थोडा मीही पोचतो, चालेल.

आता त्या वेळच्या माझ्याविषयी सांगणं भाग आहे. मी तेव्हा अठ्ठावन्न वर्षांची, म्हणजे तशी अल्लडच. शाळेतून नुकती निवृत्त झाले होते आणि रागवायला वर्ग उरला नव्हता. म्हणून सोसायटीची सेक्रेटरी झाले. गळ्यात चष्मा, हातात फाइल आणि तोंडात 'नियमानुसार'. लिफ्टमध्ये कोणी शिंकलं तरी मी सूचनाफलकावर कागद लावत असे. माझी नात म्हणते, "आजी, या गोष्टीत तू व्हिलन आहेस." पोरगी हुशार आहे, माझ्यावर गेली नाही.

त्याच वर्षी दाजीही निवृत्त झाले आणि त्यांच्या दाराशी एक पत्र्याची ट्रंक येऊन बसली. ती शेवंतीवहिनींची, म्हणजे त्यांच्या बायकोची. तिची कथा लग्नापासूनची. वहिनींचे वडील गावच्या खाडीवर 'तर', म्हणजे उतारूंची होडी, चालवायचे, माणसं ह्या काठावरून त्या काठाला न्यायचे. पाणी नाही तिथं मुलगी देणार नाही, हा त्यांचा हट्ट. तेव्हा नवरदेवानं बिनदिक्कत सांगितलं, की घर नदीच्या काठावर आहे आणि तुमच्या लेकीला बाजाराला होडीनं नेईन. पहिलं वाक्य खरं होतं. धरणातून पाणी सोडलं की नदी आमच्या पार्किंगपर्यंत येतेच. दुसरं वाक्य पहिली पाळी, दुसरी पाळी आणि ओव्हरटाइममध्ये राहून गेलं. वहिनी त्याबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. निवृत्तीच्या संध्याकाळी, कंपनीनं दिलेला नारळ फोडता फोडता, त्यांनी शांतपणे सांगितलं, "होळयेपर्यंत होडयेन बाजाराक न्हेलास तर ऱ्हवतंय. नायतर मी भावाकडे चललंय." आणि ट्रंक भरून दाराशी ठेवली. येणारेजाणारे तिच्यावर चपला काढू लागले, तरी ती हलली नाही.

दाजींना वहिनींशिवाय साधी चहाची साखर सापडत नसे. त्यांनी दुसऱ्या दिवसापासून होडी बांधायला घेतली. चाकणच्या भंगारवाल्याकडून पिंपं आणली, यंत्राच्या खोक्यांच्या फळ्या आणल्या. त्या फळ्यांवर मोठा बाण आणि 'ही बाजू वर' असं इंग्रजीत छापलेलं होतं. बाण वरच राहील अशा बेतानं त्यांनी त्या कडेला ठोकल्या. मी कारण विचारलं. "उलटली तर कळाक होया," म्हणाले.

शहरातल्या नदीत होडी चालवायची म्हणजे किती भानगडी असतात, हे मला त्यांच्यामुळे कळलं. मोटर लावून उपयोग नाही, जलपर्णी पात्याला गुंडाळते, बांबूच हवा. म्हशी समोरून आल्या तर पहिली वाट म्हशींची, कारण त्या मागे सरत नाहीत. नाल्याचं तोंड आलं की कापूर बांधलेला रुमाल नाकाला लावायचा. आणि पुलाखालून जायचं तर वार बघून. सोमवारी बेल, हलका माल. शनिवारी रुईच्या माळा, तेलाचे डाग पडतात. मंगळवार-शुक्रवार देवीचे, ओटीचा नारळ येऊ शकतो, तेव्हा हेल्मेट सक्तीचं. हे वेळापत्रक त्यांनी सूचनाफलकावर, माझ्याच कागदावर चिकटवलं होतं.

होडी त्यांनी सोसायटीच्या मागच्या भिंतीपाशी, पाण्याच्या पाइपाला बांधली. झालं, माझ्यातली सेक्रेटरी उठली. नियमानुसार एका घराला एक चारचाकी किंवा दोन दुचाक्या. सभा बोलावली. चार पिंपं म्हणजे चारचाकी धरायची का, यावर दोन तास गेले. तळमजल्यावरचे एक काका म्हणाले, होडी रिव्हर्स घेताना दिवा लागतो का ते आधी बघा. सभा हसली, मी हसले नाही. घरी येऊन तीन पानी अर्ज लिहिला: 'नदीपात्रातील अनधिकृत तराफ्याबाबत'. 'तराफा' हा शब्द सापडल्यावर मला जो आनंद झाला, तो आज आठवला तरी मान खाली जाते.

अर्ज वाचून महापालिकेचे एक तरुण साहेब पाहणीला आले. होडीभोवती दोनदा फिरले. मग मला म्हणाले, की मॅडम, वाहन म्हणावं तर नंबर नाही, बांधकाम म्हणावं तर हलतंय. तुम्हीच सांगा. कचरा म्हणत असाल तर शनिवारी उचलतो, जलपर्णी काढायचं मशीन इकडंच येणार आहे. मी शुद्ध उच्चारात "कचराच" म्हणाले आणि सही केली. होळी सोमवारी होती.

नोटीस द्यायला मी शुक्रवारी सकाळी गेले. दाजी निघायच्या तयारीत होते. वहिनी ठेवणीतलं लुगडं नेसून, बाजाराची पिशवी मांडीवर घेऊन सीटवर बसल्या होत्या. डोक्यावर दाजींच्या धाकट्या भावाचं हेल्मेट. मी कागद पुढे केला. सही करतो, पण टेकायला फळी हवी, जरा होडीत या, असं दाजी म्हणाले. मी आत गेले. त्यांनी कागद नीट वाचला, खाली 'माल मिळाला, तपासून घेतला' असं लिहून सही केली आणि त्याच हातानं दोर सोडला.

मी ओरडले. माझा आवाज पस्तीस वर्षं वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जात असे, पण नदीला शेवटचं बाक नसतं. जरा वेळानं म्हशी आल्या, त्यांना वाट दिली. मग नाला आला, वहिनींनी रुमालाचं अर्धं टोक मला दिलं. पुलाखाली पोचलो आणि होडी जलपर्णीत रुतून बसली. दाजी बांबू मारत राहिले आणि होडी जागच्या जागी गोल फिरत राहिली. तेवढ्यात वरून शुक्रवारचा माल आला. हेल्मेट नसलेलं डोकं तिघांत एकच होतं. जाई, शेवंती, तांदूळ, हळदीकुंकू आणि खण. नारळ नशिबानं पाण्यात पडला.

"माल पोचलो!" दाजींनी वर कळवलं.

मी वर पाहून "साहाय्य करा" असं ओरडले. असं कोण ओरडतं? म्हणूनच वरून आवाज आला, "बाई? तुम्ही?" माझा जुना विद्यार्थी संतोष होता, मोटारसायकलवर, कंपनीत निघालेला. मी त्याला पुढे जाऊन कुणाला तरी बोलवायला सांगितलं. तो म्हणाला, "बाई, पुढं कुठं जाऊ? अर्ध्या तासापासून इथंच आहे. पूल जाम आहे." वर पूल जाम, खाली नदी जाम. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसलो. मग त्यानं वेळ जावा म्हणून विचारलं, की शाळेत मी त्याला व्याकरणात नापास का केलं होतं.

दाजी घामाघूम झाले होते. त्यांनी बांबू खाली ठेवला आणि पहिल्यांदाच मला ते म्हातारे दिसले. "होळी सोमवारी आसा," असं हळूच म्हणाले, माझ्याकडे न बघता. त्या क्षणी मला ती ट्रंक आठवली. मी कचरा नेमका कशाला म्हटलं होतं, तेही आठवलं. केसांतले तांदूळ वेचायचं मी थांबवलं.

मग वहिनींनी पिशवी माझ्या मांडीवर ठेवली, पदर खोचला, उभ्या राहिल्या आणि दाजींच्या पायाशी पडलेला बांबू उचलला. जलपर्णीच्या मुळांत तो तिरका खुपसला, अंग मागे टाकलं, आणि होडी सुटली. तीन रेट्यांत आम्ही मोकळ्या पाण्यात. "माझ्या बापाशीची तर होती," त्या मला म्हणाल्या. "ह्येंका काय येता? ह्ये आंबेवाले." दाजींना होडी येत नव्हतीच. तीस वर्षांपूर्वी सासऱ्याला त्यांनी होडीची थाप मारली होती. वहिनींनी एक हात पाण्यात बुडवला, वास घेतला, तोंड वाकडं केलं, बाटलीतल्या पाण्यानं हात धुतला. मग तोच हात परत बुडवला आणि पिंपरीचा काठ येईपर्यंत बाहेर काढला नाही.

बाजारात त्यांनी एक कोथिंबिरीची जुडी आणि अर्धा डझन बांगड्या घेतल्या. येताना मात्र रिक्षानं जायचं म्हणाल्या. बाजाराक होडयेन न्हेयन, इतकंच ठरलं होतं. परत हाडूचं, म्हणजे आणायचं, कोणी बोललं नव्हतं. मी त्यांच्याबरोबर रिक्षात बसले. रिक्षा पुलावर अडकली. खालून दाजी एकटे, बांबू मारत, आमच्या पुढे निघून गेले. वहिनींच्या रेट्यांची नक्कल करत होते आणि बरी जमत होती.

शनिवारी सकाळी मशीन घेऊन माणसं आली. कचरा कुठाय म्हणाले. मी आदल्या रात्रीच सोसायटीचं पार्किंगचं स्टिकर होडीला, त्या बाणाच्या शेजारी चिकटवून ठेवलं होतं, शिक्क्यासकट. ते वाहन आहे, असं मी सांगितलं. मग पंधरा मिनिटं मी त्या माणसांना स्वतःच्याच अर्जातल्या भाषेच्या चुका दाखवल्या, तेव्हा ती कंटाळून निघून गेली. ट्रंक पलंगाखाली गेली. त्या पावसाळ्यात धरणातून पाणी सोडलं तेव्हा होडी आपली आपण पार्किंगमध्ये आली आणि माझ्याच जागेत उभी राहिली. मी कोणाकडे तक्रार करणार? स्टिकर माझंच होतं.

त्यानंतर दाजींनी बारा वर्षं होडी चालवली. दर शुक्रवारी वहिनी बाजाराला होडीनं जायच्या आणि रिक्षानं यायच्या. कोणी घाई केली की दाजी म्हणत, "पाण्याक खय शिफ्ट आसा?" मी कितीदा त्यांचं 'पोचलो' दुरुस्त केलं असेल, त्यांनी प्रत्येक दुरुस्तीची पोच दिली, माल स्वीकारला नाही.

गेल्या वर्षी ते गेले. दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत. अस्थी गावच्या खाडीत सोडायचं ठरलं. त्यातली एक चिमूट मात्र वहिनींनी बाजूला काढली. इथली पोच पण द्यायला हवी, म्हणाल्या. शुक्रवारी सकाळी आम्ही दोघी होडीत बसलो. बांबू वहिनींच्या हातात, पुडी माझ्या हातात आणि लाल हेल्मेट माझ्या डोक्यावर. पुलाखाली त्यांनी होडी थांबवली. मी पुडी सोडली. जलपर्णीनं जरा वाट दिली.

तेवढ्यात वरून पिशवी आली आणि माझ्या डोक्यावर फुटली. शेवंती, तांदूळ, हळदीकुंकू. वहिनींनी मान वर केली.

"पोचलो!" त्या ओरडल्या.

वर कोणीतरी कठड्यावरून वाकून पाहिलं. वहिनी बांबू रेटू लागल्या. मी हेल्मेट काढलं नाही आणि दुरुस्तीही केली नाही. त्या क्रियापदाचा कर्ता कोण, असं संतोषनं त्या वेळी वरून विचारलं असतं, तर मी नापास झाले असते.