चुकीच्या पाण्यावरची फुलं

माझे काका मासेमारीच्या बोटीचे तांडेल, म्हणजे म्होरके, होते. बाकीच्या बोटी ज्या दिवशी अर्ध्या रिकाम्या परतायच्या, त्या दिवशीही त्यांच्या टोपल्या काठोकाठ भरलेल्या असत. धक्क्यावरचे लोक म्हणत, याच्या हातालाच यश आहे. काका मिशीतल्या मिशीत हसत आणि ताकास तूर लागू देत नसत.

आईवडील गेल्यावर मी त्यांच्याकडेच वाढले, आणि पुढे बर्फाच्या कारखान्याच्या कचेरीत नोकरीला लागले. काका-काकूंना मूल नव्हतं. घर धक्क्यामागच्या चढावर, दोन खोल्यांचं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून बंदराचं तोंड दिसायचं. काकू मासे साफ करायची, तळायची, आम्हाला वाढायची. पण काही दिवशी स्वतःच्या ताटात तुकडाही घ्यायची नाही. "आज नको गं, पोट जड आहे," म्हणायची. टोपल्या भरून येतात त्याच दिवशी तिचं पोट जड होतं, हे माझ्या लक्षात यायला फार वर्षं लागली.

युद्धाच्या काळात शत्रूची एक पाणबुडी आमच्या किनाऱ्यापर्यंत आली होती. तिनं बंदराच्या तोंडाशीच एक कोळशाचं जहाज बुडवलं. त्यावर काकूचा धाकटा भाऊ बॉयलरवर कामाला होता. काकूनं ते याच खिडकीतून पाहिलं. आधी धूर, मग नुसतं पाणी. पुढे थोड्याच दिवसांत आपल्या विमानांनी त्या पाणबुडीवर बॉम्ब टाकले. पाण्यावर तेलाचा तवंग आला, ती बुडाल्याचं जाहीर झालं. पण हवा वादळी होती, नेमकी जागा कुणालाच सांगता आली नाही.

युद्ध संपल्यावर एकदा काकांचं जाळं तळाशी अडकलं. ओढून काढलं तर फाटक्या जाळ्यात परक्या अक्षरांची एक पितळी पट्टी. खलाशांचं लक्ष नाही असं बघून त्यांनी ती परत पाण्यात सोडली आणि "खाली खडक आहे," एवढंच म्हणाले. कारखान्याची चिमणी आणि टेकडीवरची पाण्याची टाकी एका रेषेत दिसतात ती जागा त्यांनी मनात पक्की केली. पुढच्या खेपेला जाळ्याऐवजी गळ नेले. बुडालेल्या लोखंडाच्या आडोशाला मोठे मासे घर करून राहतात. खरं काय ते फक्त काकूला ठाऊक होतं.

मग एका दुपारी, मी घरी असताना, शाळेतले मास्तर एका परदेशी म्हातारीला घेऊन आले. मास्तरांना तिची भाषा येत होती. दोघं सकाळपासून एकेका तांडेलाचं दार वाजवत हिंडत होते.

"यांचा मुलगा त्या पाणबुडीवर होता," मास्तर म्हणाले. "जागा कुणाला माहीत असेल तर तिथे फुलं सोडायची आहेत. बाकी काही मागणं नाही त्यांचं."

काकांनी खुर्ची पुढे केली. "समुद्र केवढा मोठा, मास्तर. आम्ही वरच्या वर फिरणारी माणसं. तळाचं आम्हाला काय कळणार?"

काकूनं चहा ठेवला. म्हातारीनं कप दोन्ही हातांत धरला आणि खिडकीकडे बघत काहीतरी बोलली.

"त्या म्हणतात, तुमच्या घरातून समुद्र फार छान दिसतो," मास्तर म्हणाले.

काकू उठून मागच्या खोलीत गेली.

पाहुणे गेल्यावर ती बाहेर आली. "माझा भाऊ कुठे गेला ते मला रोज दिसतं," ती म्हणाली. "तिला तेवढंही नाही."

"तिच्याच पोरानं बुडवलं त्याला."

"असेल. म्हणून ती आई नाही का?"

"सांगितलं तर उद्या सरकार ती जागा बंद करेल. मग काय, वाळू खायची?"

काकूनं कप विसळून पालथे घातले.

दुसऱ्या दिवशी म्हातारी भाड्याच्या बोटीतून निघाली. बोटवाल्यानं आपला अंदाजानं कुठेतरी इंजिन बंद केलं. काका नेमके त्याच वेळी खऱ्या जागेवरून मासे भरून परतत होते. हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या अंतरावरून त्यांची बोट गेली. म्हातारी कठड्यावर वाकून एकेक फूल सोडत होती. काकांनी सुकाणू सरळ धरलं आणि घरी आले.

काकूनं तो विषय पुन्हा काढला नाही. भांडली असती तर काकांना सुटल्यासारखं झालं असतं. काही वर्षांनी ती आजारी पडली आणि महिनाभरात गेली. त्यानंतर काका स्वतःच्या पायांनी मास्तरांकडे गेले आणि जागा सांगितली. मास्तरांनी परदेशी पत्र लिहून चौकशी केली. म्हातारी कधीच वारली होती.

पाणबुडे उतरले. पाणबुडीचा सांगाडा तिथेच होता, आत माणसंही होती. ती जागा मासेमारीला बंद झाली. बंदरातल्या बोटवाल्यांनी काकांशी बोलणं टाकलं. "इतकी वर्षं एकटाच खात बसला," ते त्यांच्या तोंडावर म्हणत, आणि काका मान हलवत.

पुढच्या वर्षी मेलेल्यांचे नातेवाईक आले. त्यांना घेऊन सरकारी बोट निघाली, तिच्यावर काकांनाही मानानं बोलावलं होतं. मीही सोबत होते. भाषण झालं, काकांचे आभार मानले. काका मास्तरांच्या बाहीला धरून म्हणाले, "यांना सांगा, मला पहिल्यापासून ठाऊक होतं. ती आई आली तेव्हाही. पोटासाठी गप्प बसलो."

मास्तर थोडा वेळ घुटमळले, मग त्यांच्या भाषेत बोलले. एक टक्कल पडलेला गृहस्थ पुढे आला. तो म्हातारीचा धाकटा मुलगा. त्यानं काकांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

त्यानंतर काका चार वर्षं जगले. कुणी बसायला आलं की सांगायचे, "सगळं ऐकलं त्यानं, तरी हात धरला. अशीही माणसं असतात." "तुझ्या काकूनं हे बघायला हवं होतं," असं मला मात्र अनेकदा म्हणाले.

ते गेले तेव्हा मास्तर भेटायला आले. काठी भिंतीला टेकवून बसले.

"त्या दिवशी बोटीवर मी ते सांगितलंच नाही," ते म्हणाले. "तांडेल म्हणतात, तुमच्या दुःखाचं फार वाईट वाटतं, एवढंच बोललो मी. तो माणूस इतक्या लांबून भावाला भेटायला आला होता गं. कसं सांगणार होतो?"

मी आत जाऊन चहा ठेवला.